उंसाच्या नोंदी व संगणकानें लावलेला क्रम

गळिताचा हंगाम जवळ आला म्हणजे कृष्णा, कोयना व वारणा ह्या नद्यांच्या कांठच्या गांवांत एकच प्रश्न ऐकूं येतो, व तो म्हणजे ‘यंदां आपला ऊंस केव्हां जाणार?’ हा होय. रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना असो, यशवंतनगरचा सह्याद्रि असो, साखराळ्याचा राजारामबापू असो, कीं शेंद्र्याचा अजिंक्यतारा असो, सभासदाच्या मनांतील प्रश्न सारखाच असतो. ह्या प्रश्नाचें उत्तर एका यादींत असतें. लागणीची नोंद त्या यादींत ज्या जागीं पडेल, त्या मानानें तोडणीची टोळी शेतांत उतरावी, ही अपेक्षा वाजवी आहे. पूर्वीं ही यादी चिटबॉयच्या वहींत असे व ती कारकुनाच्या हातानें उतरली जात असे. आतां ती संगणकांत असते. सोसायट्या व शेतकऱ्यांचे उत्पादक गटही आपापल्या संकेतस्थळांवर लागणीच्या नोंदी, बेणें विक्रीच्या सूचना व बाजारभाव प्रसिद्ध करूं लागले आहेत.

संगणक चुकत नाहीं, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्यांत तथ्य आहे, परंतु तें अर्धेंच. संगणकास जें सांगावें तेंच तो करितो. आणि त्यास काय सांगितलें गेलें हें सांगणाऱ्यासही पुष्कळदां ठाऊक नसतें. यादींत आपलें नांव अकारण मागें पडलेलें दिसलें कीं सभासद पक्षपाताचा संशय घेतो. असा संशय कधीं खराही असेल. तो विषय आमचा नव्हे. पण कित्येक प्रसंगीं दोष माणसाच्या मनांत नसून वहीच्या रकान्यांत असतो, व तो थोड्या समजुतीनें सुधारतां येतो. ती समजूत वाचकांस करून द्यावी, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

प्रथम वहीचा विचार करूं. तलाठ्याचा सातबारा सर्वांच्या परिचयाचा आहे. गांव नमुना सात व गांव नमुना बारा ह्यांचे रकाने सरकारनें आंखून दिलेले असतात. क्षेत्राच्या रकान्यांत क्षेत्र व पिकाच्या रकान्यांत पीकच लिहावें लागतें. संकेतस्थळाची वही मात्र अशी आपल्या धंद्यासाठीं आंखलेली नसते. जगांत सर्वांत अधिक प्रचारांत असलेली वर्डप्रेस ही प्रणाली २००३ सालीं निघाली, ती लेख व बातम्या छापण्यासाठीं. ती फुकट मिळते, म्हणून लहान संस्था तीच घेतात. तिच्या मुख्य वहींत नोंदीचा क्रमांक, मथळा, मजकूर, लिहिणाऱ्याचें नांव, प्रसिद्धीची तारीख असे रकाने आहेत. वाण, लागणीची तारीख, हंगाम, क्षेत्र, गट क्रमांक ह्यांस तेथें जागा नाहीं.

ही अडचण प्रणाली करणारांनीं मोठ्या युक्तीनें सोडविली आहे. मुख्य वही नव्यानें न आंखतां त्यांनीं शेजारीं दुसरी एक वही ठेविली. तिला चारच रकाने. पहिल्यांत ओळीचा स्वतःचा क्रमांक, दुसऱ्यांत मुख्य वहींतील नोंदीचा क्रमांक, तिसऱ्यांत जादा रकान्याचें नांव, आणि चौथ्यांत त्याचें मूल्य. समजा, मुख्य वहींत ४१ व्या क्रमांकावर एका प्लॉटची नोंद आहे. तर दुसऱ्या वहींत ‘४१, वाण, को ८६०३२’ अशी एक ओळ, ‘४१, हंगाम, आडसाली’ अशी दुसरी, ‘४१, क्षेत्र, १.२०’ अशी तिसरी, याप्रमाणें जितक्या गोष्टी नोंदवाव्या तितक्या ओळी पडतात. किर्द व खतावणी ह्यांचा संबंध ज्यास ठाऊक आहे त्यास ही रीत समजण्यास अडचण पडूं नये. हिचा लाभ असा कीं, उद्यां ठिबक आहे कीं नाहीं हें नोंदवावेंसें वाटलें तर वही बदलावी लागत नाहीं. आणखी एक ओळ लिहिली कीं झालें.

तोटा मात्र चौथ्या रकान्यांत आहे. त्यांत वाण येतो, तारीख येते, क्षेत्र येतें, भाव येतो. सर्व एकाच पेवांत. हरिपूरच्या पेवांत हळद भरीत, तेव्हां त्यांत हळदच आहे हें निदान ठाऊक असे. ह्या पेवांत काय आहे हें पेवास ठाऊक नसतें. म्हणून जें येईल तें सर्व अक्षरें आहेत असें धरून प्रणाली तें ठेविते. १.२० हें तिच्या लेखीं सव्वा एकराच्या जवळपासचें माप नव्हे, तीं चार चिन्हें आहेत. येथूनच पुढच्या सर्व घोटाळ्यांस आरंभ होतो.

अक्षरांचा क्रम कसा लावतात हें कोशाच्या उदाहरणानें समजेल. ‘कमळ’ आणि ‘कर’ ह्या शब्दांत पहिलें अक्षर सारखें, म्हणून दुसरें पाहावयाचें. म आधीं, र मागून. म्हणून कमळ आधीं. शब्द लांब कीं आंखूड ह्याचा विचार नाहीं. हाच न्याय आंकड्यांस लाविला म्हणजे काय होतें पाहा. ९, ८४, ११२ व १०१५ असे चार गट क्रमांक आहेत. अक्षरन्यायानें चढता क्रम १०१५, ११२, ८४, ९ असा लागतो. कारण पहिलें चिन्ह पाहतां १ हें ८ व ९ ह्यांच्या आधीं येतें, आणि १०१५ व ११२ ह्यांत दुसरें चिन्ह ० हें १ च्या आधीं. खरा क्रम तंतोतंत उलटा झाला! हळदीच्या भावांचेंही तेंच. समजा, सांगलीच्या बाजारांत राजापुरी हळदीचे भाव एका दिवशीं क्विंटलला ९५०० व दुसऱ्या दिवशीं १५२०० असे नोंदले आणि ‘सर्वांत चढा भाव वर दाखवा’ असें सांगितलें, तर ९५०० वर येऊन बसेल. ज्यानें एवढेंच पान पाहून माल काढण्याचा बेत केला, त्याचें काय होईल हें सांगावयास नको.

ह्यावर उपाय प्रणालींतच आहे. क्रम लावण्याची आज्ञा देतांना ‘मेटा व्हॅल्यू’ ऐवजीं ‘मेटा व्हॅल्यू नम’ असें म्हटलें, म्हणजे त्या मूल्यांत शून्य मिळवून डेटाबेस त्याची संख्या करून घेतो व मग संख्येच्या न्यायानें क्रम लावितो. परंतु ही संख्या करण्याची रीत फार आडमुठी आहे. डेटाबेस डावीकडून वाचीत जातो व अंक नसलेलें पहिलें चिन्ह आलें कीं थांबतो. १५,२०० असा स्वल्पविराम देऊन भाव लिहिला असेल तर त्याच्या हातीं १५ एवढेंच लागतात. क्षेत्राच्या रकान्यांत एकानें ‘४० गुंठे’ व दुसऱ्यानें ‘१ एकर’ असें लिहिलें असेल तर एकाचे ४० व दुसऱ्याचा १ धरला जातो. वास्तविक दोघांची जमीन सारखीच. ‘सव्वा एकर’ असें लिहिणाऱ्याच्या पदरीं तर शून्य. आणि एक गोष्ट मराठी कारभारासाठीं मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ह्या लेखांत आम्ही आपल्या रिवाजाप्रमाणें मराठी आंकडे छापले आहेत. पण डेटाबेस संख्या करतांना फक्त इंग्रजी आंकडेच ओळखतो. मराठी आंकड्यांत लिहिलेला भाव, तो कितीही मोठा असला तरी, शून्यच धरला जातो. मराठींत लिहूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. वाचकांस दाखवितांना मराठी आंकडे दाखवावे, वहींत भरतांना इंग्रजी भरावे, एकच माप ठेवावें, व मापाचें नांव रकान्याच्या नांवांत घालावें, म्हणजे रकान्यास ‘क्षेत्र’ न म्हणतां ‘क्षेत्र हेक्टर’ म्हणावें.

गट क्रमांकाची जात निराळी. १२/१, १२/२, १२/१० हे पोटहिस्से ना धड संख्या, ना धड शब्द. अक्षरन्यायानें १२/१० हा १२/२ च्या आधीं येतो. संख्यान्यायानें तिन्ही १२ च ठरतात. गटास एक व हिश्शास एक असे दोन रकाने करावे, हाच सरळ मार्ग.

आतां तारखेकडे वळूं, कारण उंसाच्या बाबतींत खरें नुकसान येथें आहे.

आपल्याकडे तारीख दिवस, महिना, वर्ष अशा क्रमानें लिहितात. तीन लागणी घेऊं. आडसाली ५/७/२०२४, पूर्वहंगामी २०/१०/२०२४, आणि सुरू १५/१/२०२५. लागणीप्रमाणें क्रम लावावयाचा तर आडसाली पहिली, हें पोरही सांगेल. पण अक्षरन्यायानें पहिलें चिन्ह पाहतां १५/१/२०२५ पहिली, २०/१०/२०२४ दुसरी, व ५/७/२०२४ सर्वांच्या शेवटीं! ज्याचा ऊंस सोळा महिने उभा आहे तो तळाशीं, व ज्याचा दहा महिन्यांचा आहे तो माथ्यावर. ह्यावर संख्येची आज्ञाही चालत नाहीं, कारण तिच्या लेखीं ह्या तिन्ही तारखा १५, २० व ५ एवढ्याच. त्या आज्ञेनें ह्या उदाहरणांत आडसाली अनायासें वर येईल, पण ती महिन्याची पांच तारीख म्हणून, जुन्या लागणीची म्हणून नव्हे. सुरूची लागण पूर्वहंगामीच्या वरच राहील. तारीख नेहमीं वर्ष, महिना, दिवस अशी, व एकअंकी महिना-दिवसापुढें शून्य देऊन लिहावी: २०२४-०७-०५, २०२४-१०-२०, २०२५-०१-१५. असें लिहिलें म्हणजे अक्षरांचा न्याय व काळाचा न्याय एकच होतो, आणि कोणतीही विशेष आज्ञा न देतां क्रम बरोबर लागतो. रकाने भरण्याच्या कांहीं जोडप्रणाली मधल्या रेघा गाळून आठ अंक सलग लिहितात; त्यानेंही तोच परिणाम होतो. मोठें माप आधीं व लहान मागून, एवढेंच त्यांतलें मर्म. मण, शेर, छटाक ह्या क्रमानें वजन सांगणाऱ्या आपल्या वडिलांस हें नवीन वाटलें नसतें.

असल्या उलट्या क्रमानें काय बिघडतें? उंसास तुरा आला म्हणजे त्याची वाढ थांबते. त्यानंतर दीड-दोन महिन्यांच्या आंत तोड झाली तर विशेष हानि नाहीं. पुढें मात्र कांडें पोकळ पडूं लागतें, वजन घटतें, आणि सांठलेली साखर मोडूं लागते. वजनाची घट ज्याच्या त्याच्या पावतीवर दिसते. साखरेची घट मात्र कारखान्याच्या उताऱ्यांत उतरते, व उतारा सर्वांचा एकत्र काढला जातो. केंद्र सरकारनें २०२५-२६ च्या हंगामासाठीं ठरविलेला किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये, हा १०.२५ टक्के उताऱ्यास धरून आहे. म्हणजे एकाचा पिकलेला ऊंस मागें राहिला व दुसऱ्याचा कोंवळा आधीं गेला, तर दोन्हीकडून उतारा पडतो, आणि ज्यांचा ऊंस वेळेवर गेला त्यांसही त्याची झळ लागते. शिवाय ज्याला खोडवा राखावयाचा आहे त्याचा ऊंस फेब्रुवारीनंतर तुटला तर खोडव्याची उगवण उन्हांत सांपडते. यादीचा क्रम हा नुसत्या मानाचा प्रश्न नव्हे.

ह्याहून वाईट एक प्रकार आहे, आणि तो डोळ्यांस दिसत नाहीं म्हणूनच वाईट. समजा, मुख्य वहींत १२० नोंदी आहेत. पैकीं ११३ नोंदींस लागणीची तारीख भरली आहे व सात नोंदींस ती भरावयाची राहिली आहे. ‘लागणीच्या तारखेनें क्रम लावून सर्व नोंदी दाखवा’ असें सांगितलें, तर यादींत किती नोंदी येतील? १२० नव्हे, ११३. त्या सात शेवटींही नाहींत, आरंभींही नाहींत, त्या नाहींतच. कारण डेटाबेस दोन्ही वह्या ताडून पाहतो, व जी नोंद दोहींत सांपडेल तीच उचलतो. दुसऱ्या वहींत तारखेची ओळच नसल्यामुळें ती नोंद त्याच्या हिशेबीं जुळत नाहीं. संगणक कसलीही सूचना देत नाहीं, कारण त्याच्या मतें त्यानें सांगितलेलें काम केलें आहे. कारकून म्हणतो, यादी पुरी आहे. सभासद म्हणतो, माझें नांव नाहीं. दोघेही खरें बोलत असतात.

हें ओळखण्याची खूण सोपी आहे: क्रम न लावतां एकूण नोंदी किती व क्रम लावून किती, हें दोन्ही वेळां मोजावें. फरक आला तर रकाने रिकामे आहेत असें समजावें. आज्ञाही अशी देतां येते कीं ‘तारखेचा रकाना असो वा नसो, दोन्ही प्रकारच्या नोंदी घ्या’. मग त्या सात नोंदी येतात, पण चढत्या क्रमांत त्या सर्वांच्या वर येऊन बसतात, कारण ज्यास मूल्यच नाहीं तो डेटाबेसच्या न्यायानें सर्वांत लहान. हेंही योग्य नव्हे. तारीख न देणाऱ्याची तोड पहिली, असा त्याचा अर्थ होईल. उलट त्यांस तळाशीं ढकलावें तर कारकुनाच्या हयगयीची शिक्षा शेतकऱ्यास होते. आमचें मत असें आहे कीं, अशा नोंदींची ‘अपुऱ्या नोंदी’ म्हणून निराळी यादी काढून ती चावडींत किंवा सोसायटीच्या फळ्यावर लावावी, व त्या पुऱ्या झाल्याशिवाय मुख्य यादी कायम करूं नये. आणि मुळांत तारीख भरल्याखेरीज नोंद स्वीकारलीच जाणार नाहीं, अशी तजवीज अर्जांतच करावी. तशी सोय बहुतेक जोडप्रणालींत असते. ती चालू करण्याचा आळस मात्र सर्वत्र असतो.

नांवांच्या बाबतींत संगणक शब्दशः चालतो. एकानें ‘को ८६०३२’ लिहिलें, दुसऱ्यानें ‘को. ८६०३२’, तिसऱ्यानें नुसतें ‘८६०३२’, चौथ्यानें ‘नीरा’. आपण सर्व जाणतों कीं ऊंस एकच, पण यादींत ते चार वाण होतात. गांवांचेंही तसेंच. इस्लामपूरचें नामांतर ईश्वरपूर असें करण्याची घोषणा २०२५ सालीं झाली. अर्ध्या नोंदी जुन्या नांवानें व अर्ध्या नव्या नांवानें पडल्या तर एकाच गांवचे प्लॉट यादींत दोन ठिकाणीं विखुरतील व टोळीस दोनदां फेरा पडेल. मराठी वर्णक्रमाचीही एक गंमत आहे. शाळेंत आपण क्ष व ज्ञ शेवटीं म्हणतों. संगणक क्ष हें अक्षर क, हलन्त व ष अशा तीन चिन्हांनीं ठेवितो, आणि सर्वसाधारण नियमानें तें क च्या गटांतच पडतें. म्हणून क्षेत्र माहुली यादीच्या शेवटीं शोधूं नये; ती कऱ्हाडच्याच पंगतींत सांपडेल. गांव, वाण व हंगाम हे तीन रकाने हातानें लिहूंच देऊं नयेत; ठरलेल्या नांवांतून निवडण्याची सोय ठेवावी.

येथवर क्रम एकाच रकान्यानें लावला. पण नुसत्या लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम लावणें न्यायाचें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आडसाली ऊंस तयार होण्यास सुमारें सोळा ते अठरा महिने लागतात, पूर्वहंगामीस चौदा-पंधरा, सुरूस बारा, खोडव्यास अकरा-बारा. आतां वरील उदाहरणांत एक खोडवा घालूं. पहिली तोड १० डिसेंबर २०२४ रोजीं झाली, तीच त्याची तारीख. लागणीच्या तारखेनें तो २० ऑक्टोबरच्या पूर्वहंगामीच्या मागें पडतो. पण पक्वतेचा हिशेब पाहा. ५ जुलैच्या आडसालीस सोळा महिने दिले तर ती ५ नोव्हेंबर २०२५ रोजीं तयार. खोडव्यास अकरा महिने दिले तर तो १० नोव्हेंबर २०२५ रोजीं. पूर्वहंगामी चौदा महिन्यांनीं २० डिसेंबर २०२५ रोजीं. आणि सुरू बारा महिन्यांनीं १५ जानेवारी २०२६ रोजीं. खोडवा आडसालीच्या पाठोपाठ आला. वाणाचाही फरक आहे. को.सी. ६७१ हा लौकर पक्व होणारा. को ८६०३२ व पाडेगांवच्या संशोधन केंद्राचा को.एम. ०२६५ हे मध्यम-उशिरां येणारे. फलटण तालुक्यांतील हें पाडेगांवचें केंद्र १९३२ पासून उंसावर काम करीत आहे. वाणांच्या पक्वतेचे महिने ठरवितांना तेथील शिफारस घ्यावी.

म्हणून आमची सूचना अशी कीं, ‘पक्वता दिनांक’ असा आणखी एक जादा रकाना ठेवावा, व लागणीची नोंद होतांच हंगाम आणि वाण पाहून तो संगणकाकडून भरून घ्यावा. क्रम लावतांना प्रत्येक वेळीं हिशेब करीत बसण्यापेक्षां एकदां करून लिहून ठेवणें स्वस्त पडतें. शेतांत जाऊन ब्रिक्स पाहिल्यावर शेंड्याचा व बुडख्याचा आंकडा जवळजवळ सारखा आला, म्हणजे ऊंस पिकला. ही परीक्षा कागदावरील तारखेपेक्षां केव्हांही श्रेष्ठ, व ती झाल्यावर रकाना दुरुस्त करण्याची मुभा असावी. मात्र कोणीं, केव्हां व काय दुरुस्त केलें ह्याची नोंद राहिली पाहिजे.

दोन किंवा अधिक रकान्यांनीं क्रम लावण्याची सोय ह्या प्रणालींत आहे. २०१५ सालच्या ४.२ ह्या आवृत्तीपासून प्रत्येक अटीस नांव देऊन, प्रथम ह्या नांवाचा चढता क्रम, त्यांत त्या नांवाचा उतरता क्रम, असें सांगतां येतें. गावांतल्या गांवांत टोळी फिरवावयाची तर प्रथम गट-विभाग, मग पक्वता दिनांक, अशी योजना करतां येईल. एक धोका मात्र ध्यानांत ठेवावा. दोन नोंदींचा पक्वता दिनांक एकच असेल तर त्यांत आधीं कोण, हें सांगितलें नसल्यास डेटाबेस वाटेल तो क्रम देतो, व तोच क्रम पुढच्या खेपेस देईलच असें नाहीं. यादी वीस-वीस नोंदींच्या पानांत विभागलेली असली, तर सारख्या तारखेची एखादी नोंद पहिल्या पानावर तळाशीं व दुसऱ्या पानावर माथ्याशीं अशी दोनदां दिसावी, आणि दुसरी एखादी कोठेंच दिसूं नये, असें घडतें. शेवटचा रकाना म्हणून नोंदीचा क्रमांक घातला कीं हा खेळ बंद होतो, कारण क्रमांक दोघांचा कधींही एक नसतो. ज्यानें आधीं नोंद केली त्यास आधीं, हा नियमही त्यांत आपोआप पाळला जातो.

शे-दोनशे नोंदींच्या संस्थेस एवढें पुरे. हजारों सभासदांच्या संस्थेनें मात्र ही चार रकान्यांची वही वापरूं नये. तिच्या मूल्याच्या रकान्यास सूचि नाहीं. रकान्याच्या नांवास व नोंदीच्या क्रमांकास ती आहे. त्यामुळें अमुक रकान्याच्या ओळी चटकन सांपडतात, पण त्यांतील मूल्यांचा क्रम लावण्यास दर वेळीं साऱ्या ओळी चाळाव्या लागतात. प्रत्येक अधिक अटीसाठीं ती वही पुन्हां एकदां जोडावी लागते, व नोंदी लाखांवर गेल्या म्हणजे पान उघडण्यास क्षण नव्हे, मिनिटें लागूं लागतात. एडगर कॉड ह्या इंग्रज गणितज्ञानें १९७० सालीं मांडलेली तक्त्यांची मूळ रीत येथें उपयोगीं पडते: प्रत्येक गोष्टीस स्वतःचा रकाना, तारखेच्या रकान्यांत तारीखच, संख्येच्या रकान्यांत संख्याच, व ज्यानें क्रम लावावयाचा त्या रकान्यावर सूचि. हा आपला सातबाराच झाला. आंखण्याचा त्रास एकदां पडतो.

ज्या संस्थांच्या जुन्या नोंदी दिवस-महिना-वर्ष अशा पडल्या आहेत त्यांनीं त्या उलटवितांना घाई करूं नये. ५/७/२०२४ ही पांच जुलै, कीं इंग्रजी यंत्राच्या संवयीनें सात मे, हें तारखेवरून ठरत नाहीं. शेजारचा हंगामाचा रकाना पाहावा. तेथें आडसाली असेल तर जुलै धरण्यास हरकत नाहीं. दिवसाचा आंकडा बारांहून मोठा असेल तर प्रश्नच नाहीं. जेथें तारीख व हंगाम जुळत नाहींत, अशा नोंदी कागदावर उतरून घ्याव्या, सभासदाजवळची नोंदीची पावती मागवावी, व पावतीही नसेल तर चिटबॉयनें प्लॉटवर जाऊन शेजारच्या दोघां बांधकऱ्यांसमक्ष लागणीचा महिना विचारून लिहावा. हें काम सप्टेंबरअखेर उरकलें तर गळितापूर्वीं यादी फळ्यावर लावून हरकती घेण्यास पुरेसे दिवस मिळतात.